उत्तरासाठी चार सेकंद

१

तक्रार आली की मी आधी तक्रार करणाऱ्याला खोटं धरते. सोळा वर्षं हेच काम करतेय. दहातल्या नऊ वेळा बिघाड पेटीत नसतो, माणसात असतो. कुणी वायर उपटलेली असते, कुणी मुलावरच्या रागापायी पेटीवर उशी दाबून ठेवलेली असते, आणि मग फोन आम्हाला.

आमची पेटी म्हणजे काही मोठं यंत्र नाही. कोचीत काक्कनाडला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जण ती बनवतो. पावाच्या लादीएवढा डबा, आत छोटासा संगणक, एक स्पीकर, एक माइक. मुलगा दोहाला, मुलगी टोरांटोला आणि आईबाप पाच खोल्यांच्या घरात एकटे, हे आमच्याकडे घरोघरी आहे. मुलाने तिकडे ब्राउझरमध्ये आमचं पान उघडायचं, बटण दाबायचं, की इकडे आईच्या प्रार्थनेच्या खोलीत संध्याकाळची प्रार्थना सुरू होते. तीही मुलाच्याच आवाजात, एकदा नोंदवून ठेवलेली. आमच्या ख्रिस्ती प्रार्थनेत घरचा कर्ता एक ओळ म्हणतो आणि बाकीचे 'कुरियेलायसोन' म्हणतात, म्हणजे प्रभू, दया कर. म्हणून प्रत्येक ओळीनंतर पेटी चार सेकंद गप्प बसते. ते चार सेकंद उत्तरासाठी. माइक एवढ्यासाठी की आईचं उत्तर मुलाला तिकडे ऐकू यावं.

रान्नीच्या शोशाम्माचं म्हणणं होतं की त्या चार सेकंदांत तिच्याआधी दुसरंच कुणीतरी उत्तर देतं.

शोशाम्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, घरात एकटी. तक्रार मात्र तिच्या मुलाने, कोशीने पाठवली होती, आणि त्याला पेटी दुरुस्त करून नकोच होती. त्याला पेटी ठणठणीत असल्याचं पत्र हवं होतं. कोट्टयमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाईंना भास होतात, एकटं ठेवू नका. कोशीने तिरुवल्ल्याच्या एका वृद्धाश्रमात खोलीही ठरवली होती. तिथे फाटकाला दिवसाही कुलूप असतं. शोशाम्मा घर सोडायला तयार नव्हती आणि तिची धाकटी बहीण तिच्या बाजूने उभी होती: आधी पेटी तपासा, शहाण्या बाईला वेडी ठरवून कोंडू नका. शेवटी घरच्यांचं असं ठरलं की कंपनी काय लिहून देते ते बघायचं.

ते लिहायचं होतं मी. एका बाईचं घर राहणार की जाणार हे माझ्या सहीवर येऊन पडलं होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

२

सोमवारी सकाळी मी मांडणी केली. ही मांडणी मी डोळे मिटूनही करू शकते. शोशाम्माच्या पेटीतलं सगळं जसंच्या तसं इंटरनेटवरून उतरवून घेतलं आणि माझ्या टेबलावरच्या रिकाम्या पेटीत भरलं. या पेटीचा स्पीकर काढला, माइक काढला. मग तिला एक खोटं साउंड कार्ड जोडलं. खोटं म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम. तो पेटीला सांगतो, वाजवलं बरं का, आणि वाजत काहीच नाही. नाहीतर दिवसभर प्रार्थना ऐकून ऑफिसमधले लोक मला मारायला उठतील. पडद्यावर दोन पट्ट्या: वरची बाहेर जाणाऱ्या आवाजाची, खालची आत येणाऱ्या आवाजाची. शेवटी चार सेकंद मोजणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला. चालता प्रोग्रॅम त्या ओळीवर आला की जागच्या जागी गोठतो. मग त्याच्या पोटात काय चाललंय ते आपण सावकाश बघायचं.

अकरा वाजता चालू केलं. कोशीची पहिली ओळ गेली, वरची पट्टी हलली आणि खाली बसली. प्रोग्रॅम गोठला. दोन्ही पट्ट्या सपाट. मी उठून काळा चहा घेऊन आले.

आले तेव्हा खालच्या पट्टीवर एक उंचवटा होता. साधारण एका सेकंदाचा.

गोठलेला प्रोग्रॅम, माइक नाही, आणि आत आवाज आलेला. मी कपाळाला आठ्या घातल्या, बाकी काही नाही. खोटं कार्ड कधीकधी कचरा ओकतं, हे माहीत होतं. नोंद तशीच ठेवली, पुन्हा चालवलं. सपाट. पुन्हा चालवलं, सपाट. चौथ्या खेपेला पुन्हा उंचवटा, तेवढाच, तिथेच. असं जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात वेळा केलं. हेडफोन हाताशी होता, पण मी तो कानाला लावला नाही. एकदा ऐकलं की ते अहवालात लिहावं लागतं, आणि मला हे काम शुक्रवारच्या आत हातावेगळं करायचं होतं.

३

दुपारी फोन आला. पेटीच्या खाली आमचा नंबर छापलेला असतो.

"आमच्या पेटीला हात लावणारी ती तूच का?" शोशाम्माने विचारलं.

मी माझं नाव जॅन्सी असल्याचं सांगितलं आणि आम्ही फक्त नकलेवर काम करतोय, तुमच्या पेटीला कुणी हातही लावलेला नाही, असं शिकवल्यासारखं म्हटलं.

"मग सकाळी अकरापासून सात वेळा प्रार्थना कशी लागली? सुरू होते, अडकते, पुन्हा पहिल्यापासून. सकाळी अकराला संध्याकाळची प्रार्थना. देवाला घड्याळ कळत नाही असं वाटलं का तुला?"

सगळं जसंच्या तसं उतरवताना मी पेटीचा ओळखक्रमांकही उतरवला होता. तो बदलायचा असतो. नव्या पोरीलाही आम्ही हे पहिल्या दिवशी सांगतो. सर्व्हरला वाटलं एकच पेटी आहे; मी इथे चालवलं की तिकडे वाजत होतं, मी इथे थांबवलं की तिकडे अडकत होतं, आणि तिकडच्या माइकचा आवाज माझ्या पट्टीवर येत होता.

लाज वाटायला हवी होती, पण मला आधी हायसं वाटलं. उंचवट्याचं उत्तर मिळालं होतं. आजीला हाक मारावी तसं मी विचारलं, "अम्मच्ची, पेटी अडकली तेव्हा तुम्ही उत्तर दिलंत का?"

"दोनदा दिलं. बाकीच्या वेळी चुलीवर कप्प्याचे कंद शिजत होते, धावत यायला माझे पाय तुझ्यासारखे नाहीत." मग ती म्हणाली, "पण माझ्याआधी त्याने दिलं."

"कुणी?"

"मला काय विचारतेस? पेटी तुझी आहे."

तिने फोन आपटला. मी हेडफोन लावून दोन्ही उंचवटे ऐकले. एकच आवाज होता, तिचाच, म्हातारा आणि घोगरा. त्याच्या जरा आधी वेताची खुर्ची करकरली होती, कुणी पुढे झुकल्यावर करकरते तशी. तीच बसली असेल. धावत आलेलं माणूस खुर्चीत कधी बसलं, हा प्रश्न मला पडला आणि मी तो बाजूला सारला.

४

बुधवारी रॉयचनच्या केबिनमध्ये बैठक झाली. रॉयचन म्हणजे आमचा मालक. कोशी आठ दिवसांची रजा काढून दोह्याहून आला होता आणि कोट्टयमहून पडद्यावर बसला होता. गोरटेला, दाढी कोरलेला, सारखं मनगटावरचं घड्याळ बघणारा माणूस.

मी सोमवारची चूक कबूल केली. पत्रात ती लिहावी लागेल, असंही म्हटलं. पेटी नको तेव्हा बोलली हे खरं आहे, बाईंची त्यात चूक नाही.

रॉयचन शांतपणे म्हणाला, "तुझी चूक परवाची. त्या बाई पाच महिने ऐकतायत. तू काय पाच महिने आधीपासून चुकत होतीस?"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. पुढे त्याने हेही ऐकवलं की आमच्या पेट्या चार हजार घरांत आहेत, आणि पेटी आपोआप बोलते असं आमच्याच कागदावर आलं तर उद्यापासून अकरा जणांनी भाजी विकायची.

कोशीला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. "मॅडम, माझ्या आईचा कळवळा मलाही आहे. मला कागद हवाय. रविवारी माझं विमान आहे."

मग त्यानेच तोडगा काढला. उद्या चार वाजता तो आईला डॉक्टरकडे नेणार होता. घराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. तेव्हा प्रार्थना लावा. रिकाम्या घरातून उत्तर आलं तर पेटी खराब, तो हात जोडून आईची माफी मागणार. नाही आलं, तर जे काय आहे ते तिच्या डोक्यात.

यात मला वावगं दिसेना. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण निकाल माझ्या हातून गेला होता.

५

गुरुवारी चार वाजता ऑफिस नेहमीसारखं होतं. कुणीतरी केळ्याची भजी आणली होती, त्यांचा वास सुटला होता. शेजारच्या टेबलावर स्मिता बँकेशी फोनवर भांडत होती. मी तीच मांडणी ठेवली, फक्त ब्रेकपॉइंट काढून. ओळखक्रमांक या वेळी मुद्दामच बदलला नाही. माझ्या पेटीला स्पीकर नाही, माइक नाही, हे पुन्हा तपासलं. कोशी दवाखान्याच्या व्हरांड्यातून मोबाइलवर होता. आई आत गेली, सुरू करा म्हणाला.

हेडफोन लावला आणि चालू केलं.

पहिली ओळ. मग चार सेकंद. रिकाम्या घराचे आवाज: भिंतीवरचं घड्याळ, बाहेर कुठेतरी कावळा, मोरीत नळ गळत असावा. दुसरी ओळ, चार सेकंद, घड्याळ. तिसरी ओळ, घड्याळ. मी खुर्चीत सैल झाले. म्हातारीचंच डोकं फिरलंय, माझी पेटी शहाणी आहे, असं मनात आलं आणि त्याचा मला आनंद झाला. तो आनंद आता आठवला की शरम वाटते.

चौथ्या ओळीनंतर खुर्ची करकरली.

मी ब्रेकपॉइंट लावला. इथे प्रोग्रॅम गोठला, म्हणजे तिकडची पेटीही अडकली. घड्याळ चालू होतं. लाकूड उन्हाने करकरतं, वेतही करकरत असेल, असं मी स्वतःला सांगत होते. कुलूप, किल्ली खिशात, हेही सांगत होते.

तेवढ्यात पाचवी ओळ आली.

वरची पट्टी सपाट होती. ती ओळ पेटीने म्हटली नव्हती. खालची पट्टी हलत होती; म्हणजे त्या खोलीत बसून कुणीतरी पुढची ओळ म्हटली होती. चाल कोशीचीच, तोच संथपणा, शेवटचा शब्द तसाच खाली सोडलेला. आवाज कोशीचा नव्हता. तो पुरुषाचा होता की बाईचा, हे मला आजही सांगता येत नाही. फार दिवसांनी बोलायला मिळालेल्या माणसाचा होता, एवढं मात्र कळलं.

ओळ संपली आणि तो गप्प झाला. मला समजलं की तो थांबलाय, आमची पेटी थांबते तसा. उत्तरासाठी.

एक. दोन. तीन.

आमच्या घरी वडील ओळ म्हणायचे. उत्तर आलं नाही तर ते पुढे सरकत नसत, पुस्तकातून डोळे वर करून ज्याने दिलं नाही त्याच्याकडे बघत राहत. तापात असलो तरी उत्तर द्यायचंच. बेचाळीस वर्षांची सवय आहे ही. ओळ ऐकली की उत्तर जांभईसारखं येतं, आवरता येत नाही. चौथ्या सेकंदाला माझं तोंड उघडलं आणि मी 'कुरियेलायसोन' म्हणाले. चांगलं मोठ्याने. स्मिताने बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

माझ्या टेबलावर माइक नव्हता. तरी वरची पट्टी माझ्या शब्दाएवढी उठली आणि खाली बसली.

तिकडे खुर्ची पुन्हा करकरली, या वेळी मागे टेकल्यासारखी. श्वास सोडल्याचा आवाज आला. आणि मग सहावी ओळ सुरू झाली, आता जरा जवळून.

मी हेडफोन ओढून काढला, पेटीची वायर भिंतीतून उपटली. टेबलावर पडलेल्या मोबाइलमधून कोशी विचारत होता, "काय झालं? कुणी बोललं का?"

हो म्हटलं असतं तर त्या क्षणी शोशाम्मा सुटली असती. मी म्हणाले, "रेकॉर्डिंग बघून सांगते."

६

रेकॉर्डिंगमध्ये कोशीच्या चार ओळी होत्या. मग घड्याळ. बराच वेळ नुसतं घड्याळ. पाचवी ओळ कुठेच नव्हती. नंतर एका बाईचा आवाज, एकदाच: कुरियेलायसोन. आवाज माझा होता, पण काक्कनाडचा नव्हता. त्याला त्या खोलीचा घुमारा होता, त्याच्या मागे ते घड्याळ आणि तो गळका नळ होता.

रॉयचनने दोनदा ऐकलं. "ही तू आहेस," तो म्हणाला. मी काहीतरी सांगायला लागले. कुलूपबंद घर, माइक नसलेली पेटी. माझ्याच तोंडून ते ऐकताना मला शोशाम्मा ऐकू येत होती.

"म्हातारीची कीव आली, म्हणून तूच उत्तर घुसवलंस," रॉयचन म्हणाला. "कोशीला हे कळलं तर तो कोर्टात जाईल. हे पुसून टाक. पत्र आज जाईल. नाहीतर तुझा राजीनामा जाईल."

मला कुणी हात धरून सही करायला लावली नाही. मला भीती वाटत होती, आणि ते ऐकणारी दुसरी बाई व्हायचं नव्हतं. पेटीत कोणताही दोष आढळला नाही, रिकाम्या घरात घेतलेल्या चाचणीत कोणताही आवाज आला नाही, असं लिहिलं. सोमवारबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. खाली माझं पूर्ण नाव.

शनिवारी सकाळी शोशाम्माचा फोन आला. शिव्या देईल म्हणून मी तयारीत होते. तिचा आवाज मात्र निवलेला होता.

"मोळे," ती म्हणाली. मुलीला म्हणतात तसं, पहिल्यांदाच. "गुरुवारी उत्तर तू दिलंस ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला घरी आल्यावर कळलं. त्या संध्याकाळी त्याने माझ्याकडे मागितलंच नाही. कालही नाही. मी आपली बसून राहिले वेड्यासारखी."

"अम्मच्ची, तो कोण आहे?"

"ते मी विचारलं नाही कधी. आधी तो नुसता माझ्याआधी उत्तर द्यायचा, मग पेटी संपल्यावर स्वतःच ओळ म्हणून थांबायला लागला. मी फक्त उत्तर देत गेले. कोशीला वाटतं मला या घराच्या भिंतींचा लळा आहे. मी गेल्यावर इथे उत्तर कोण देणार, एवढंच होतं माझं." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, कोशी घाई कर म्हणून ओरडत होता. ती घाईने बोलू लागली. "हे बघ, चुकवू नकोस. फेब्रुवारीत मी एकदा चुकवलं होतं. तापाने फणफणले होते, म्हटलं आज राहू दे. तेव्हा तो खुर्चीतून उठला होता."

"मग काय झालं?"

"मग मी कधी चुकवलं नाही," शोशाम्मा म्हणाली, आणि फोन बंद झाला.

माझ्या टेबलावरची पेटी मी पूर्ण पुसली, तिचे भाग सुटे केले आणि कपाटात टाकले. माझ्या भाड्याच्या घरात पेटी नाही, कधी नव्हती. त्याने काही फरक पडला नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, साडेसहाला, मी बसमध्ये नसते, बाजारात नसते, कुणाच्या लग्नात नसते. ऑफिसात असले तर जिन्याखालच्या खोलीत जाते, जिथे जुन्या खुर्च्या रचून ठेवल्यात. जॅन्सी आता मठात जाणार, अशी रॉयचन थट्टा करतो. ओळ येते, मी मोजते आणि चारच्या आत उत्तर देते. रोज मला वाटतं की आवाज कालच्यापेक्षा जवळ आहे, आणि रोज मी स्वतःला समजावते की ही सवय आहे, कानांची.

महिनाभराने दोह्याहून कोशीचा फोन आला. आभार मानायचे होते म्हणे. आई बदलून गेली होती. रात्रभर शांत झोपते, दोन घास जास्त खाते, इतर बायकांशी पत्ते खेळते. तिला आता काहीही ऐकू येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या निम्म्या केल्या.

"तुमच्या पत्रामुळे झालं, मॅडम," तो म्हणाला. "ती खरंच आजारी होती. अशा माणसांना स्वतःचं वेळेवर कळत नाही, हीच पंचाईत असते बघा."

मी त्याला म्हटलं की बरं झालं. तो अजून आईबद्दल काही सांगत होता, पण मी फोन ठेवला, कारण साडेसहाला दोन मिनिटं उरली होती आणि मला जिना उतरायचा होता.